गावचा डांबरी रस्ता : बांधणी आणि निगा



रस्ता डांबरी झाला म्हणजे तो कायमचा झाला, अशी खेड्यापाड्यांतून सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः गावाला जोडणाऱ्या लहान रस्त्यावर जो डांबरी थर घातला जातो, त्याची जाडी पुष्कळदा अवघी दोन सेंटिमीटर असते. एस.टी., उसाचा ट्रॅक्टर, वाळूचा ट्रक यांचा भार पेलणे हे या थराचे काम नव्हे. तो भार त्याच्याखालचे खडीचे व मुरमाचे थर पेलतात आणि शेवटी जमीन पेलते. डांबरी थराचे काम घराच्या छपरासारखे आहे. वरचे पाणी खाली उतरू न देणे आणि चाकांच्या घर्षणाने खालची खडी उखडू न देणे, एवढीच जबाबदारी त्याने पार पाडावयाची असते. ओल्या चिखलावर भिंती उभारून वर उत्तम कौले घातली तर घर किती दिवस टिकेल, हे कोणाही गृहस्थाला सांगावे लागत नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र नेमका हाच प्रकार वारंवार घडतो आणि मग दोष डांबराला दिला जातो.

रस्ते हा सार्वजनिक खर्चाचा आणि शास्त्रशुद्ध नियोजनाचा विषय आहे, ही जाणीव आपल्या देशात रुजविण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमण्यात आली होती. मोटारी वाढत चालल्या होत्या आणि बैलगाडीसाठी केलेले खडी-मुरमाचे रस्ते रबरी चाकांच्या वेगाखाली धूळ होऊन उडून जात होते. समितीच्या शिफारशींमधून पेट्रोलवरील कराचा काही भाग रस्त्यांसाठी राखून ठेवणारा निधी १९२९ मध्ये निर्माण झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. रस्त्यांची मानके आजही हीच संस्था तयार करते.

महाराष्ट्रातील कितीतरी ग्रामीण रस्त्यांचा जन्म मात्र दुष्काळात झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात हजारो स्त्री-पुरुषांनी उन्हात बसून हातोडीने खडी फोडली, माती वाहिली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने संमत केला, तेव्हाही रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. त्यांतील अनेक रस्ते पुढे वर्षानुवर्षे मातीचेच राहिले. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि २०१५ पासूनची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना यांमुळे त्यांच्यावर डांबर पडू लागले. इतक्या कष्टांनी गावापर्यंत आलेला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडावा ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. दूध संकलन केंद्रावर वेळेवर न पोचलेले दूध नासते. अडलेल्या बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप खड्ड्यांतून वाट काढीत राहते. रस्ता कसा बांधला जातो आणि कसा टिकतो, हे अभियंत्याइतकेच गावानेही समजून घेतले पाहिजे, ते याकरिता.

प्रथम जमिनीचा विचार करू. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि सोलापूरकडील बहुतांश पट्टा काळ्या मातीचा आहे. पिकाला वरदान असणारी ही माती रस्त्याला शाप ठरते. ती पाणी पिते, फुगते. उन्हाळ्यात आटते आणि हात हात खोल भेगा पडतात. पावसाळ्यात ओली झालेली काळी माती भार सोसण्याची आपली जवळजवळ सर्व शक्ती गमावून बसते. अशा मातीवर थेट खडी अंथरली तर ती खडी पहिल्याच पावसात चिखलात बुडते आणि चिखल खडीतून वर येतो. म्हणून काळ्या मातीवर अर्धा ते एक मीटर जाडीचा चांगल्या, न फुगणाऱ्या मुरमाचा भराव घालावा लागतो. जेथे मुरूम लांबून आणावा लागतो तेथे काळ्या मातीतच ठरावीक प्रमाणात चुना मिसळून तिचा फुगण्याचा गुण कमी करता येतो. कोकणात प्रश्न वेगळा आहे. तेथे जांभ्याची जमीन मुळात बरी, परंतु पाऊस इतका की पाण्याला वाट करून देण्यातच निम्मे काम जाते.

भराव एकदम न टाकता थराथराने टाकावयाचा असतो आणि दबून झालेला एकेक थर वीस सेंटिमीटरपेक्षा जाड असू नये. प्रत्येक थरावर पाणी मारून आठ-दहा टनी रोलर फिरवावा लागतो. पाणी किती, हा प्रश्न महत्त्वाचा. कोरडी माती दबत नाही आणि फार ओली माती रोलरखाली हेलकावे खाते. प्रयोगशाळेत याची रीतसर परीक्षा होते. परंतु जुन्या मुकादमांची खूणही वाईट नाही. मूठभर माती दाबून लाडू करावा. लाडू वळलाच नाही तर पाणी कमी; हाताला चिखल लागला तर जास्त; लाडू वळून खाली टाकताच फुटला तर ओल बेताची आहे असे समजावे. टँकरचे पाणी वाचविण्यासाठी कोरडीच दबाई करणे, हा उन्हाळ्यातील कामांचा नेहमीचा रोग आहे. अशा भरावाला पहिला पाऊस स्वतःच दाबून बसवतो, आणि तेव्हा वर डांबर पडलेले असते.

मुरमाच्या थरावर खडीकरण येते. आपल्या राज्याचा फार मोठा भाग काळ्या बेसॉल्ट पाषाणाचा असल्यामुळे खडीच्या बाबतीत महाराष्ट्र भाग्यवान आहे. हा दगड कठीण असतो आणि डांबर त्याला गारगोटीच्या जातीच्या दगडापेक्षा अधिक घट्ट धरून राहते. खडीचा प्रत्येक थर दबल्यावर साधारण साडेसात सेंटिमीटरचा असावयास हवा. मोठ्या खडीच्या फटींत बारीक खडी, तिच्या फटींत मुरूम, वर पाणी आणि पुन्हा रोलर, असा हा क्रम आहे. दबाई पुरी झाली की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. रोलरच्या चाकापुढे खडीचा एक तुकडा टाकावा. तो थरात रुतला तर दबाई अपुरी आहे. जागच्या जागी चिरडला गेला तर पुरी झाली. ही परीक्षा करण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही. गावातील चार जाणत्या माणसांनी कामावर उभे राहून ती पाहावी, यात कोणाचा अधिक्षेप होण्याचेही कारण नाही.

खडीकरण चालू असतानाच रस्त्याला मध्यावर उंची आणि दोन्ही कडांकडे उतार द्यावयाचा असतो. डांबरी पृष्ठभागाचा हा उतार आपल्याकडील पावसात शेकडा अडीच इतका असावा. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य त्या हिशेबाने कडेपेक्षा साडेचार ते पाच सेंटिमीटर उंच येतो. बाजूपट्ट्यांचा उतार याहून थोडा अधिक हवा. हा उतार नंतर डांबराने 'काढून घेऊ' असे सांगितले जाते, ते ऐकू नये. दोन सेंटिमीटरच्या थरातून पाच सेंटिमीटरची उंची निघत नाही, हे साधे गणित आहे.

आता डांबराकडे वळू. 'डांबर' हा शब्द आपण दोन निरनिराळ्या पदार्थांना लावतो. दगडी कोळशापासून निघणारे डांबर वेगळे, आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी उरणारे बिटुमेन वेगळे. आज रस्त्यांवर वापरतात ते हे दुसरे. त्याची प्रत पूर्वी सुई किती रुतते यावरून ठरवीत. २००६ च्या भारतीय मानकापासून ती घट्टपणावरून ठरू लागली.

सर्वसाधारण ग्रामीण रस्त्यावर वीस मिलिमीटरचा खडी-डांबराचा थर आणि त्यावर फटी बंद करणारा 'सील कोट' असतो. या थराला दहा चौरस मीटरमागे सुमारे साडेचौदा किलो डांबर लागते. पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याचे क्षेत्र ३,७५० चौरस मीटर भरते. म्हणजे केवळ या एका थराला साडेपाच टनांच्या आसपास डांबर हवे. सील कोटचे डांबर वेगळेच. योजनेच्या माहिती फलकावर लिहिलेली परिमाणे वाचून ग्रामपंचायतीला हा हिशेब सहज मांडता येतो आणि तो मांडला जातो आहे एवढे दिसले तरी कामाच्या जागी पुष्कळ फरक पडतो.

खडीकरणाचा पृष्ठभाग प्रथम धूळ झाडून स्वच्छ करावयाचा. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे त्यात सर्वाधिक कुचराई होते, आणि धुळीवर पडलेले डांबर धुळीलाच चिकटते, खडीला नाही. त्यानंतर पातळ डांबरी द्रवाचा, म्हणजे इमल्शनचा, पहिला हात मारतात. तो खडीच्या फटींत मुरण्यास एक दिवस द्यावा. पुढचा पातळ हात चिकटण्यासाठी असतो. इमल्शन फवारताना तपकिरी दिसते. त्यातील पाणी सुटून ते काळे झाले म्हणजेच वर मिश्रण पसरावे. तपकिरी रंगावरच घाईने मिश्रण टाकलेले दिसले तर ते थांबवावे.

यानंतरचा सारा खेळ उष्णतेचा आहे. नेहमीच्या प्रतीचे डांबर १५० ते १६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे, खडीही जवळपास तेवढीच तापलेली आणि पूर्ण कोरडी हवी. मिश्रण १४० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी पसरले गेले पाहिजे आणि रोलरची दबाई ते ९० अंशांपर्यंत उतरण्याआधी संपली पाहिजे. डांबर याहून अधिक तापवले तर त्यातील हलके तेलकट अंश उडून जातात आणि ते ठिसूळ होते. मिश्रणातून निळसर धूर निघू लागला की ते करपले असे समजावे. उलट, डंपर दोन तास वाटेत उभा राहून मिश्रण थंडगार आले, तर रोलर कितीही फिरवला तरी खडी एकमेकींना धरीत नाही. चकाकणारे काळेभोर मिश्रण चांगले. निस्तेज व राखट दिसणारे संशयास्पद. रोलर कडेकडून मध्याकडे यावा. चाकाला खडी चिकटू नये म्हणून पाणी लावावे. डिझेलचा बोळा फिरवण्याची जी वाईट सवय आहे ती बंद करावयास हवी, कारण डिझेल डांबर विरघळवते. सील कोट होईपर्यंत या थरावर वाहने सोडू नयेत. बारशाची वरात अडली तरी चालेल.

या कामाला दिवाळीनंतर मे महिन्याच्या मध्यापर्यंतचा काळ योग्य. ओल्या पृष्ठभागावर, पावसाच्या सरीत किंवा भुरभुर चालू असताना डांबरीकरण करू नये, हे मानकांत स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही निधी परत जाईल या धास्तीने मार्चअखेरची घाई होते आणि मृग निघाल्यावरही काही ठिकाणी डांबराची पिंपे तापत असतात.

त्या पिंपांजवळ उभ्या असणाऱ्या मजुरांविषयी येथे बोलणे अवश्य आहे, कारण अहवालांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. भर उन्हात, तापलेल्या डांबराजवळ, पायांत गोणपाटाचे तुकडे गुंडाळून स्त्रिया घमेली वाहताना दिसतात. गमबूट, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मिळणे हा त्यांचा हक्क आहे. तापलेल्या डांबरात पाणी जाता कामा नये; थोडेसे पाणीही क्षणात वाफ होऊन डांबर फेसासारखे उसळते व पिंपाबाहेर येते. अंगावर गरम डांबर पडलेच तर तो भाग ताबडतोब भरपूर थंड पाण्याखाली धरावा. कातडीला चिकटलेले डांबर ओढून काढू नये. त्यासोबत कातडी सोलून निघते. ते काढणे डॉक्टरांवर सोपवावे.

उत्तम डांबरी रस्ता किती टिकू शकतो याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधून दिला. दहा वर्षे संपली, वीस गेली. तीस वर्षांहून अधिक काळ त्या गजबजलेल्या रस्त्याला मोठ्या दुरुस्तीची गरज पडली नाही. पुणेकरांनी त्याचे कौतुक इतके केले की त्याची जवळजवळ दंतकथा झाली. परंतु त्यात चमत्कार काही नाही. पाया नीट, मिश्रण गरम आणि मोजके, पाण्याला वाट दिलेली, आणि दहा वर्षे स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करावी लागेल हे ठाऊक असलेला बांधणारा. त्या मानाने जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटचा थर सलग घालण्याचा जो जागतिक विक्रम झाला, त्यापासून खेड्याने वेगाचा धडा घेऊ नये. मिश्रणाचा पुरवठा एक क्षणही खंडित न होऊ देण्याची जी व्यवस्था त्यामागे होती, तीच घेण्यासारखी आहे.

भाराबद्दल एक गोष्ट सांगून निगेकडे वळू. वाहनाचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होते असे वाटते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून जे प्रयोग झाले, त्यांतून असे दिसले की ही झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. आसावरील भार दुप्पट, तर झीज सुमारे सोळापट. दिवसभर जाणाऱ्या मोटारसायकली आणि जीपगाड्या रस्त्याचे जवळजवळ काहीच बिघडवीत नाहीत. गळीत हंगामात क्षमतेच्या दुप्पट भरलेल्या काही ट्रॉल्या सारे नुकसान करून जातात. सांगली-कोल्हापूर आणि अहिल्यानगरच्या ऊस पट्ट्यांत हे दर हिवाळ्यात पाहावयास मिळते. ट्रॉलीत किती भरावयाचे, हा विषय कारखान्याच्या आणि गावाच्या बैठकीत निघू नये असा काही नियम नाही.

निगेचा आरंभ गटारापासून होतो. पाणी रस्त्याच्या पृष्ठभागावरून जितके जाते त्याहून अधिक ते कडेने आणि खालून शिरते. रस्त्यालगतचा शेतकरी बांध सरळ करताना बाजूचे गटार बुजवतो. दुसरा शेतात जाण्यासाठी गटारावर मातीची वाट करतो आणि खाली पाइप टाकावयास विसरतो. तिसऱ्याच्या शेतातले पाटाचे पाणी रात्रभर रस्त्यावरून वाहते. हे सारे आपलेच लोक आहेत, परके कोणी नव्हेत, आणि म्हणूनच हा प्रश्न अभियंत्यापेक्षा ग्रामसभेत लवकर सुटतो. नळाच्या पाइपासाठी रस्ता आडवा फोडणे, हा दुसरा प्रकार. डांबरीकरण होण्यापूर्वीच ठिकठिकाणी आडवे रिकामे पाइप पुरून ठेवले तर पुढे रस्त्याला कुऱ्हाड-टिकाव लावावी लागत नाही. गावठाणात, जेथे न्हाणीघरांचे पाणी रस्त्यावर येते, तेथे डांबराचा आग्रह धरू नये. तेवढ्या लांबीत काँक्रीट आणि बाजूला बांधीव गटार हाच उपाय. शिवाय गावठाणात थरावर थर घालीत गेल्याने रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच होतो व पावसाचे पाणी घरांत शिरते, ही तक्रार आता पुष्कळ गावांतून ऐकू येते.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी तीन कामे उरकलेली असावीत. गटारे व मोऱ्यांतील गाळ काढणे, बाजूपट्ट्यांवर वाढलेले गवत व माती खरवडून त्या रस्त्यापेक्षा किंचित खाली आणणे, आणि भेगा बुजवणे. बाजूपट्टी खचून रस्त्याची कड उघडी पडली असेल तर तेथे मुरूम भरून दाबावा. अन्यथा समोरून येणाऱ्या एस.टी.ला वाट देताना प्रत्येक चाक डांबराची कड तोडत जाते. सरळ, सुट्या भेगा गरम डांबराने किंवा इमल्शनने भरून वर चुरी टाकली की भागते. भेगा मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार दिसू लागल्या तर मात्र खालचा थर गेला आहे. तेथे वरून डांबर ओतणे म्हणजे गळूवर पावडर लावणे होय. तेवढा तुकडा खोदून पायापासून भरावा लागतो. उन्हाळ्यात डांबर वर येऊन पृष्ठभाग चिकट व घसरडा झाला असेल तर गरम, कोरडी चुरी पसरून रोलर फिरवावा.

खड्डा बुजविण्याचीही एक रीत आहे आणि ती न पाळल्यामुळे एकच खड्डा वर्षातून तीनदा बुजवला जातो. खड्ड्याभोवतीचा सैल भाग चौकोनी आकारात, कडा सरळ उभ्या राहतील असा कापून काढावयाचा. आतली माती, पाणी, धूळ काढून तळाला व कडांना डांबराचा हात द्यावयाचा. मग मिश्रण भरून, खोली अधिक असल्यास दोन थरांत, नीट ठोकावयाचे आणि वरची पातळी आजूबाजूपेक्षा काही मिलिमीटर उंच ठेवावयाची, म्हणजे वाहतुकीने ते बरोबरीला येते. भर पावसात गरम मिश्रण टिकत नाही. तेव्हा थंड मिश्रण वापरावे. गणपतीच्या तोंडावर खड्ड्यांत मुरूम टाकण्याची प्रथा आहे. त्याने दोन दिवस रस्ता सपाट दिसतो, तिसऱ्या दिवशी चिखल होतो आणि खड्ड्याच्या कडाही भिजून सुटतात.

ही सारी लहानसहान कामे पूर्वी मैलकुली करीत. ठरावीक लांबीचा रस्ता एकेका माणसाकडे सोपविलेला असे. फावडे, घमेले आणि लाल झेंडी घेऊन तो रोज त्या रस्त्यावर चालत असे, गटारातील काडीकचरा काढीत असे आणि खड्डा हाताएवढा असतानाच भरीत असे. ही पदे हळूहळू रिकामी होत गेली आणि त्यांची जागा वार्षिक निविदांनी घेतली. निविदेतून होणारी दुरुस्ती खड्डा मोठा झाल्यावर येते. ग्रामसडक योजनांच्या रस्त्यांवर पहिली पाच वर्षे निगा राखण्याची जबाबदारी बांधणाऱ्या ठेकेदारावर करारानेच टाकलेली आहे, ही गोष्ट अनेक ग्रामपंचायतींना ठाऊक नसते. काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षे संपण्याची तारीख ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवून ठेवावी. दरवर्षी एकदा मृगापूर्वी आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास सरपंच, ग्रामसेवक व दोन-तीन ग्रामस्थांनी रस्त्यावरून पायी चालत जावे. मोटारसायकलवरून भेगा दिसत नाहीत. कोणत्या किलोमीटरला काय आढळले ते लिहून, छायाचित्रासह, संबंधित उपअभियंत्याकडे लेखी द्यावे व पोच घ्यावी. पाच वर्षांनंतर असे रस्ते बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात आणि दोन सेंटिमीटरच्या थराचे आयुष्यही साधारणतः पाच-सहा वर्षांचेच असते. नव्या थराची मागणी, म्हणून, पाचव्या वर्षाच्या दसऱ्यालाच पाठवावी. म्हणजे ती पुढील अंदाजपत्रकात धरली जाण्यास अवधी मिळतो.